रुडॉल्फ डीझेल
बारामती-इंदापूरच्या रस्त्याने उसाचे जड ट्रक ज्या यंत्राच्या बळावर धावतात, त्याचे जनक रुडॉल्फ डीझेल होत. त्यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे एका गरीब जर्मन कुटुंबात झाला. म्यूनिक येथे शिकत असता, वाफेच्या यंत्रात बहुतेक उष्णता वाया जाते हे समजून त्यांस चैन पडेना. पेट्रोलच्या इंजिनास ठिणगी लागते. डीझेल यांनी नुसती हवाच इतकी दाबली की, तिच्या उष्णतेने तेल आपोआप पेटावे. १८९३ ची चाचणी फसली. १८९७ साली यश आले. यंत्र जड व महाग, परंतु ओझे ओढण्यात पेट्रोलहून काटकसरी ठरले. १९१३ साली कर्जाने गांजलेले डीझेल इंग्लंडास जाताना बोटीवरून नाहीसे झाले. सुमारे दहा वर्षांनी त्यांचे यंत्र ट्रकावर चढले; ते पाहण्याचे भाग्य मात्र त्यांस लाभले नाही.