रिकीब सोडून पायरी झालेले सरदार : श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर

शिक्षण चौथीपर्यंतच, बाकीचं रान आणि कीर्तन यांनी शिकवलं. काही चुकलं तर पदरात घ्या. दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी लेख मागितला. ज्यांनी वारीला वळण लावलं त्या हैबतबाबांचं चरित्र लिहावं असं मनात आलं.

पण सुरुवात घोड्यापासून करतो, कारण बाबा घोड्यावरचेच माणूस. आपल्या माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तुम्ही पाहिलाच असेल. आमच्या आज्यानं तिथूनच एक घोडी आणली होती. तिच्या खोगिराला दोन्ही बाजूंनी लोखंडी कडी लोंबायची. तीच रिकीब. आजा सांगायचा की रिकिबीत नुसता चवडा ठेवायचा, पाऊल सगळं आत घालायचं न्हाई. घोडी बुजली अन्‌ माणूस पडला तर अडकलेला पाय निघत न्हाई, मग घोडी त्याला फरफटत नेती. फार जुन्या काळी पाय टेकायला नुसता चामड्याचा वळसा असायचा, लोखंडाचं कडं लई मागून आलं. ते आल्यावर स्वाराला उभं राहून भाला मारता यायला लागला, अन्‌ लढाईचं रूपच बदललं. मराठ्यांचं राज्य वाढलं ते याच घोडदळावर. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, अन्‌ घरचा घोडा आणणारा तो शिलेदार.

अशा काळात सातारकडच्या आरफळ गावच्या पवारांच्या घरात हैबतराव जन्मले. पुढं ते ग्वाल्हेरला शिंद्यांच्या दरबारी सरदार झाले. महादजी शिंदे 1794 साली वारले, त्यांच्या मागं दौलतराव गादीवर आले. तो काळ उलथापालथीचा. आपल्याच मराठवाड्यात, भोकरदनजवळ असईला, 1803 साली इंग्रजांनी दौलतरावांच्या फौजेला हरवलं. 1818 ला पेशवाई बुडाली. ज्यांच्या टापांनी मुलूख हादरायचा त्यांच्या रिकिबी रिकाम्या व्हायला लागल्या. तलवार घरात आढ्याला लागली, अन्‌ आता कोणाच्या मागं जावं हे शिलेदाराला कळेना.

हैबतरावांच्या घरी मात्र वारकरी वळण होतं. कमरेला तलवार, तरी ओठावर हरिपाठ. पिढ्यान्‌पिढ्या वडीलधारी मंडळी त्यांची एक हकिकत सांगत आली. ग्वाल्हेरहून ते कमावलेलं धन घेऊन गावाकडं निघाले. सातपुड्याच्या रानात वाटमाऱ्यांच्या टोळीनं गाठलं, धन लुटलं, अन्‌ त्यांना गुहेत कोंडून तोंडाला धोंडा लावला. घोडा गेला, हत्यार गेलं, सरदारी तर धोंड्याबाहेरच राहिली. आत राहिला तो हरिपाठ. तोच ते रातदिस म्हणत राहिले. एकवीस दिवस झाले, अन्‌ टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात गुहेचं तोंड उघडलं, तर माणूस जिवंत, अन्‌ तोंडानं नाम चालूच. नायकाचं मन पालटलं. त्यानं त्यांना सोडलं अन्‌ मानानं पुढं पाठवलं.

आता बघा, सुटलेला माणूस काय करील? घरी जाईल, लेकरांना भेटेल, पुन्हा घोडा घेऊन चाकरीला लागंल. हैबतबाबांनी ज्या माउलीच्या हरिपाठानं जगवलं तिचे पाय धरले, अन्‌ आळंदीला जाऊन राहिले. समाधीपुढं रात्री भजनाला उभं राहावं ते पहाटे काकड्यापर्यंत, असा त्यांचा नेम सांगतात. सरदार होता तो माउलीचा चाकर झाला. त्याला पगार नव्हता, जहागिरी नव्हती.

वारी तर त्यांच्या आधीपासून होतीच. 1685 साली तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी पादुका पालखीत घालून पंढरीला न्यायची रीत सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका निघायच्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या, अन्‌ एकाच पालखीतून दोघे पंढरीला जायचे. पुढं दोन पालख्या वेगळ्या झाल्या. माउलींचा वेगळा सोहळा उभा केला तो हैबतबाबांनी. याला आता दोनशे वर्षं होत आली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यांना घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची सोय केली. वासकर महाराजांसारख्या फडकऱ्यांनी दिंड्या आणल्या.

ज्यानं आयुष्य फौजेत घातलं त्यानं सोहळ्यालाही फौजेची शिस्त लावली. मुक्काम पडतो त्याला आपण तळ म्हणतो, हा फौजेचाच शब्द. पुढं नगारा, हातात दंड घेतलेला चोपदार, जरीपटका, हे सगळं लष्करातलं. निघायच्या वेळी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला जागेवर उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलली. रथाच्या पुढं 27 दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात अन्‌ टाळांचा गजर चालतो. चोपदारानं दंड वर केला की एका दमात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असंल तिचेच टाळ वाजत राहतात. मग तिथं जाऊन ऐकून घेतात अन्‌ निवाडा करतात. लाखो माणसं, तरी काठी कोणावर उगारावी लागत न्हाई.

घोड्याचं तर काय सांगावं! अंकली हे गाव बेळगाव जिल्ह्यात. तिथून माउलीचे अश्व दरसाल तीनशे किलोमीटरच्या आसपास वाट चालून आळंदीला येतात. दोन घोडे असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसरा माउलीचा. त्याच्या पाठीवर मानाची गादी असती, पण बसत कोणी न्हाई. त्या गादीवर माउली बसलेली आहे, हा आपला भाव. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, पुढं पुरंदावड्याला गोल रिंगण. स्वाराचा घोडा पुढं पळतो, माउलीचा त्याला गाठतो, अन्‌ टापाखालची माती लोक कपाळाला लावतात. ज्या घोड्यावर बसून मुलूख मारायचे तो घोडा बाबांच्या सोहळ्यात अभंगाच्या तालावर पळायला लागला. कोणाचा जीव घेत न्हाई, सगळ्यांना आनंद देतो.

आता माझी एक गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. काही वर्षांमागं दिंडीत वीणा कोणी घ्यायचा यावरून बोलाचाली झाली. आमच्या घराण्यात तो मान तिसऱ्या पिढीचा. मला वाटलं माझा हक्क मारला. मी रुसलो अन्‌ दोन मुक्काम मागं राहिलो, दिंडीचा भात खाल्ला न्हाई. पंढरीहून आलो तरी मनातली अढी गेली न्हाई. कार्तिकात आळंदीला गेलो. महाद्वारात आपल्याकडचीच एक म्हातारी वाकली होती. माउलीच्या आधी तिनं पायरीला हात लावला अन्‌ तो कपाळाला लावला. ती पायरी हैबतबाबांची.

तिथं माझे डोळे उघडले. बाबांनी देह आळंदीतच ठेवला. ज्यानं सोहळा उभा केला त्यानं गाभाऱ्याशेजारी जागा मागितली असती तर कोण नाही म्हणलं असतं? आपल्या नरसीच्या नामदेवरायांनी पंढरीला जशी पायरी पत्करली, तशी बाबांनी आळंदीला पत्करली. जन्मभर रिकिबीत पाय ठेवून उंच बसणारा सरदार, शेवटी दुसऱ्याच्या पायाखाली दगड होऊन राहिला. अन्‌ मी वीण्यासाठी रुसलो होतो. आज्याचं बोलणं आठवलं. मानपान ही रिकीबच आहे. चवडा ठेवण्यापुरती बरी, चढायला कामी येती. पण पाऊल पुरतं अडकलं तर ती फरफटत नेती. मी दोन मुक्काम फरफटलो होतो.

आजही कार्तिक वद्य अष्टमीला हैबतबाबांच्या पायरीची पूजा झाल्यावरच आळंदीत माउलींच्या समाधी सोहळ्याला सुरुवात होते. पालखीची मालकी आजही त्यांच्या आरफळकर वंशजांकडं आहे. पण बाबांचा खरा वारसा जो शिस्तीत चालतो अन्‌ मागच्याला वाट देतो त्या प्रत्येकाकडं आहे.

आपल्या दिंडीची शंभर वर्षं झाली. पुढच्या शंभराला पोरं येतील, त्यांना जागा द्यायला लागंल. वीणा मागच्या आषाढीला मी एका तरण्या पोराच्या गळ्यात घातला. हात थरथरला, खोटं कशाला सांगू. पण पाय मोकळा झाल्यासारखं वाटलं. आळंदीला गेलात तर समाधीकडं जायच्या आधी खाली वाका, अन्‌ त्या पायरीला हात लावा.

राम कृष्ण हरी.