शंख, चष्मा आणि एक शाळामास्तर

द्वितीय वर्षाला इंग्रजीच्या तासाला सरांनी 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीचा उल्लेख केला, तेव्हा वर्गातील बहुतेकांनी ती विमान अपघातात बेटावर अडकलेल्या मुलांची साहसकथा म्हणून वहीत टिपून घेतली. मी ती ग्रंथालयातून घरी नेली आणि शब्दकोश शेजारी ठेवून तीन आठवड्यांत वाचली. वाचून झाल्यावर तिच्या लेखकाविषयी कुतूहल वाटले, म्हणून मिळेल ते वाचत गेले. त्याचीच ही हकीकत.

विल्यम गोल्डिंगचा जन्म १९ सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात, न्यूकी या समुद्रकाठच्या गावी, आजोळी झाला. वाढला मात्र तो मार्लबरो या गावात. वडील ॲलेक गोल्डिंग तेथील साध्या शाळेत विज्ञान शिकवीत. ते समाजवादी विचारांचे होते आणि विज्ञानाने माणूस सुधारेल अशी त्यांची श्रद्धा होती. आईने स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केले होते. घर कबरस्तानाला लागून होते. वडिलांचा विज्ञानवाद दिवसा पटायचा आणि रात्री अंधाराची भीती काही जायची नाही, अशी या मुलाची अवस्था होती.

त्याच गावात श्रीमंतांच्या मुलांची एक प्रसिद्ध निवासी शाळा होती. त्या मुलांचे कपडे, त्यांचे बोलणे, त्यांची ऐट पाहून आपण खालच्या पायरीवरचे आहोत ही जाणीव गोल्डिंगच्या मनात लहानपणीच बसली आणि ती आयुष्यभर गेली नाही. १९३० साली तो ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेला. दोन वर्षे वडिलांच्या इच्छेप्रमाणे विज्ञान शिकला, मग इंग्रजी साहित्याकडे वळला आणि १९३४ मध्ये पदवीधर झाला. पदवीधरांना नोकरी लावून देणाऱ्या विद्यापीठाच्या कचेरीत त्याची मुलाखत झाली, तेव्हा हा गृहस्थ पुरेसा खानदानी नाही अशा अर्थाचा शेरा त्याच्या कागदावर पडला. जॉन केरी यांनी २००९ साली लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ही हकीकत आली आहे. तिथे आडनाव विचारावे लागत नसे. तोंड उघडले की उच्चारावरून घराणे कळत असे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमची वस्ती गावापासून दूर, डोंगराच्या अंगाला. पहिल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी 'व्हता' म्हणाले आणि सभागृहाच्या मागच्या बाजूने हशा आला. त्यामुळे तो शेरा वाचताना मला ऑक्सफर्ड फार दूरचे वाटले नाही, एवढेच सांगते.

पुढे गोल्डिंग शाळामास्तर झाला. १९३९ मध्ये ॲन ब्रुकफील्डशी त्याचे लग्न झाले, १९४० मध्ये सॉल्झबरीच्या बिशप वर्ड्‌सवर्थ शाळेत तो रुजू झाला आणि त्याच वर्षी नौदलात भरती झाला. १९४१ मध्ये 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात तो होता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले, तेव्हा अग्निबाण सोडणाऱ्या एका नौकेचा तो प्रमुख होता. किनाऱ्यावर आपण काय पाठवीत आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते. नाझींनी जे केले ते केवळ जर्मनांच्या रक्तात आहे, असे युद्धानंतर पुष्कळांना वाटत होते. गोल्डिंगला तसे वाटले नाही. तेच बी आपल्यातही आहे, हे त्याने पुढे उघडपणे मान्य केले.

१९४५ साली तो पुन्हा त्याच शाळेत आला. दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. पोरांनी त्याचे नाव 'गबाळ्या' या अर्थाचे ठेवले होते. नोकरीवर त्याचे फारसे प्रेम नव्हते. वर्गाला काम देऊन तो टेबलाशी शाळेच्याच वहीत आपले लिखाण करीत बसे. परंतु मास्तरचे डोळे मिटलेले नव्हते. कोण कोणाला चिमटा काढतो, कोण टोळी जमवतो, जाड भिंगाच्या मुलाला मधल्या सुट्टीत काय सोसावे लागते, हे त्याला रोज दिसत होते.

एके रात्री आपल्या मुलांना बेटावरची एक गोष्ट वाचून दाखवल्यावर त्याने बायकोला विचारले, की बेटावर अडकलेली पोरे खरोखर जशी वागतील तशी गोष्ट लिहिली तर? बायकोने ती कल्पना तत्काळ उचलून धरली. अशा गोष्टींचा नमुना म्हणजे बॅलंटाइनचे १८५७ सालचे 'द कोरल आयलंड'. त्यात राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन इंग्रज मुले बेटावर सज्जनपणे राहतात आणि रानटीपणा करतात ते तिकडचे मूळ रहिवासी. (बॅलंटाइन त्या बेटांवर कधी गेलाच नव्हता. नारळ आधी सोलावा लागतो हेही त्याला ठाऊक नव्हते, हे आपल्या कोकणातल्या मित्रांना सांगण्यासारखे!) गोल्डिंगने राल्फ आणि जॅक ही नावे तशीच घेतली आणि गोष्ट उलटी केली.

हस्तलिखित अनेक प्रकाशकांकडून परत आले. १९५३ मध्ये फेबर संस्थेकडे पोहोचले, तेव्हा त्याची पाने मळून पिवळी पडली होती. तिथल्या वाचक बाईंनीही ते निरर्थक आणि कंटाळवाणे ठरवून बाजूला टाकले. चार्ल्स माँटिथ या नव्या संपादकाने ते उचलले, अणुयुद्धाचा आरंभीचा लांबलचक भाग गाळायला लावला, आणि १७ सप्टेंबर १९५४ रोजी पुस्तक बाहेर पडले.

त्यात मोठ्या माणसांवाचून जगणाऱ्या मुलांची व्यवस्था दोन वस्तूंवर उभी आहे, एक शंख आणि एक चष्मा. आपल्याकडे शंख देवघरात असतो, इथे तो सभेत असतो. ज्याच्या हातात शंख, त्याने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. तो कसा फुंकायचा हे जाड्या, दमेकरी मुलगा सांगतो, पण दम्यामुळे त्याला फुंकता येत नाही. फुंकतो देखणा राल्फ, आणि शंख हाती म्हणून पोरे त्यालाच पुढारी निवडतात. त्या जाड्या मुलाला सगळे पिगी म्हणजे डुकऱ्या म्हणतात. त्याचे खरे नाव काय, हे कोणी विचारीतच नाही. तो मावशीकडे वाढलेला, मावशीचे मिठाईचे दुकान, बोलणे अशुद्ध. इतर मुलांचे बोलणे मात्र चांगल्या शाळांतले.

पुस्तकात मला सर्वांत खरे वाटते ते हे, की शंखावर शेवटपर्यंत विश्वास ठेवतो तो पिगीच. जॅकला नियमांची गरज नाही, त्याच्याजवळ भाला आहे. राल्फला रूप आणि उंची आहे. पिगीपाशी काहीच नाही, म्हणून पाळीने बोलायचा नियम त्याला श्वासासारखा लागतो. त्याच्या चष्म्याच्या काचांनी विस्तव पेटतो, सुटकेचा धूर निघतो. पण आधी जॅकच्या फटक्याने एक काच फुटते आणि पुढे जॅकची टोळी रात्री येऊन चष्माच पळवून नेते. आंधळा झालेला पिगी तो परत मागायला जातो, तोही शंख हातात घेऊन, न्याय मागायला. वरून रॉजर शिळा लोटतो. शंखाचा चुरा होतो आणि पिगी खडकावर पडून मरतो. मराठीत शंख करणे म्हणजे व्यर्थ आक्रोश करणे. तो वाक्प्रचार मला तिथे प्रथमच नीट उमगला.

(लघुदृष्टीच्या चष्म्यात अंतर्गोल भिंग असते, त्याने विस्तव पेटणार नाही, हे विज्ञान शाखेतील माझ्या मैत्रिणीने लगेच दाखवून दिले. विज्ञान मास्तरच्या मुलाला हे सुचू नये!)

एका बाबतीत मात्र माझे गोल्डिंगशी भांडण आहे. चर्चच्या गायनपथकातली गोरी पोरे बिघडतात, तेव्हा ती तोंडाला रंग फासतात, भाले घेऊन नाचतात. म्हणजे क्रौर्य गोऱ्या पोरांच्या आत आहे असे म्हणताना त्याने रानटीपणाचे चित्र मात्र बॅलंटाइनच्याच पेटीतले वापरले. पिगीच्या शेवटच्या भाषणात काळ्या लोकांना हिणवणारा एक शब्दही होता, तो पुढच्या काही आवृत्त्यांतून बदलला. रानटी हा शब्द आमच्या वस्तीने गावातून पुष्कळ ऐकला आहे. तो ज्यांना लावला जातो त्यांच्यात मी वाढले, आणि तिथे शिळा लोटणारा कोणी मी पाहिला नाही. बेटावर एकही मुलगी नाही, हेही मला खटकले.

पुस्तकानंतर अकरा वर्षांनी, १९६५ साली, टोंगाची सहा शाळकरी मुले होडीसह वाहवत आटा या ओसाड बेटावर पोहोचली. पंधरा महिन्यांनी, १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सुखरूप सापडली. त्यांनी विस्तव विझू दिला नव्हता. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून त्याची शुश्रूषा केली. यावरून गोल्डिंग खोटा ठरला असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. ती एका शाळेची, एकमेकांची मित्र होती. त्यांच्यात कोणाचे नाव डुकऱ्या नव्हते.

कादंबरी अमेरिकेत प्रथम पडूनच राहिली. १९५९ मध्ये स्वस्त आवृत्ती निघाली आणि कॉलेजच्या मुलांनी ती उचलली. १९६१ मध्ये गोल्डिंगने मास्तरकी सोडली. १९८० मध्ये 'राइट्स ऑफ पॅसेज'ला बुकर आणि १९८३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. (स्वीडिश अकादमीच्या एका सभासदाने त्याला जाहीर विरोध केला.) १९८८ मध्ये तो 'सर' झाला. मद्याचा त्रास मात्र अनेक वर्षे होता. शेजारी राहणाऱ्या जेम्स लव्हलॉक या शास्त्रज्ञाच्या पृथ्वीविषयक सिद्धांताला 'गाया' हे नाव त्यानेच सुचवले. १९ जून १९९३ रोजी कॉर्नवॉलमध्ये तो वारला आणि विल्टशरमधील बोअरचॉक गावी त्याला पुरण्यात आले.

वर्गात बसून लिहिलेले त्या कादंबरीचे हस्तलिखित पुढे एक्झिटर विद्यापीठाच्या संग्रहात ठेवण्यात आले. साधी शाळेची वही आहे ती, वर शाळेचे नाव छापलेली.