डॉ. जॉन विल्सन

मुंबईच्या गिरगाव चौपाटीसमोर विल्सन महाविद्यालयाची भव्य दगडी इमारत उभी आहे. ती १८८९ साली उभी राहिली. ज्यांचे नाव या महाविद्यालयाला मिळाले, ते डॉ. जॉन विल्सन त्यापूर्वी चौदा वर्षे निवर्तले होते. हे नाव मुंबईतील पुष्कळांच्या तोंडी असते. परंतु त्या नावामागे एका कुटुंबाने परमुलखात सोसलेले केवढे सुखदुःख दडले आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या लहानशा गावी एका शेतकरी घराण्यात झाला. घरची माणसे कष्टाळू आणि धर्मनिष्ठ होती. जॉनला विद्येची ओढ बालपणापासूनच होती. चौदाव्या वर्षी तो एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याने भाषांचा व धर्मशास्त्राचा अभ्यास केला. दूरदेशी जाऊन ख्रिस्ताची शिकवण सांगावी, हा विचार त्याच्या मनात हळूहळू पक्का झाला. परदेशात उपयोगी पडेल म्हणून त्याने वैद्यकाचेही थोडे शिक्षण घेतले. १८२८ च्या जून महिन्यात त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि हिंदुस्थानात जाण्याचे निश्चित झाले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याचा विवाह मार्गारेट बेन हिच्याशी झाला. मार्गारेटचा जन्म १७९५ साली ग्रीनॉक या बंदराच्या शहरी झाला होता. तिचे वडील धर्मोपदेशक होते. स्त्रियांना विद्यापीठांची दारे बंद असलेल्या त्या काळात तिने स्वतःच्या हिमतीवर पुष्कळ वाचन केले होते. विवाहानंतर काही आठवड्यांतच या नवपरिणीत दांपत्याने मायभूमीचा किनारा सोडला. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला महिनेच्या महिने लागत. स्वदेशी पत्र पाठवून उत्तराची वाट पाहावी, तर त्यातच वर्ष सरे. असा प्रवास करून १८२९ च्या फेब्रुवारीत विल्सन पतिपत्नी मुंबईस पोहोचली.

परक्या लोकांत काम करावयाचे, तर आधी त्यांची भाषा आपलीशी केली पाहिजे, हे दोघांनी ओळखले होते. म्हणून ती मुंबईत न थांबता कोकणात उतरली. स्कॉटिश मिशनने १८२३ साली सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट येथे आपले पहिले ठाणे घातले होते आणि ते घालणारे डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी मरण पावले होते. त्या काळी मुंबईहून बाणकोटास जाण्याचा सोयीचा मार्ग समुद्रावरून होता. पेणकडे जाणारी धरमतरची खाडी, रोह्याहून वाहत येणाऱ्या कुंडलिकेचे रेवदंड्याजवळील मुख, जंजिऱ्याचा जलदुर्ग अशी एकेक खूण डाव्या हाताला टाकीत शिडाच्या होड्या दक्षिणेकडे जात. बाणकोट व हर्णै येथे राहून पतिपत्नींनी मराठीचा कसून अभ्यास केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईस परतली तेव्हा दोघांनाही मराठीत संभाषण करता येऊ लागले होते. पुढे विल्सन यांनी गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत आणि फारसी या भाषाही आत्मसात केल्या.

मुंबईत आल्यावर मार्गारेटबाईंनी मुलींसाठी शाळा काढल्या. मुंबईत मुलींची पहिली शाळा अमेरिकन मिशनने १८२४ साली सुरू केली होती. तरीही मुलीने अक्षर शिकणे हे बहुतेक घरांत अशुभ मानले जाई. मुली शाळेत येण्यास कचरत आणि आल्या तरी टिकत नसत. मार्गारेटबाई घरोघरी जाऊन आयांना भेटत. त्यांनी मराठीतून बोलून लोकांचा विश्वास मिळविला आणि थोड्याच काळात अशा अनेक शाळा उभ्या केल्या. गावदेवी येथील सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आपली परंपरा त्यांच्या १८३२ च्या कार्यापासून सांगते. त्याच वर्षी विल्सन यांनी मुलांसाठी इंग्रजी शाळा सुरू केली. तिच्यातूनच पुढे विल्सन महाविद्यालय निर्माण झाले. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्यापूर्वीची ही गोष्ट आहे. जोतीरावांचे इंग्रजी शिक्षणही पुण्यातील स्कॉटिश मिशनच्याच शाळेत झाले होते.

घर, मुले आणि शाळा असा तिहेरी भार मार्गारेटबाईंच्या शिरावर होता. विल्सन दूरच्या प्रवासास गेले म्हणजे मिशनचा सर्व कारभार त्याच पाहत. मुंबईचे हवापाणी त्यांना मानवले नाही. कोवळ्या वयात अपत्य गमावण्याचे दुःखही या दांपत्याच्या वाट्याला आले. मायदेशी परत जावे, असे वाटण्यासारखेच हे सारे होते. पण त्यांनी काम सोडले नाही. १८३५ च्या आरंभी विल्सन गुजरात व काठेवाडात फिरत होते. गिरनारच्या पायथ्याशी एका प्रचंड शिळेवर कोरलेली प्राचीन अक्षरे त्यांनी पाहिली आणि त्यांचे महत्त्व ओळखले. त्या लेखाच्या प्रती त्यांच्या प्रयत्नाने कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप या विद्वानाकडे पोहोचल्या. सम्राट अशोकाच्या आज्ञा वाचण्याच्या कामी त्यांचा मोठा उपयोग झाला. परंतु या प्रवासाच्या यशाचा आनंद विल्सन यांना घरी भोगता आला नाही. १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाईंनी मुंबईत देह ठेवला. त्या वेळी त्या चाळीस वर्षांच्याही नव्हत्या.

तिशीतल्या विल्सन यांच्यावर हा वज्राघात होता. त्यांनी आपले दुःख कामात बुडविले. पत्नीच्या जीवनाची हकीकत लिहून ती त्यांनी १८३८ मध्ये प्रसिद्ध केली. मार्गारेटबाईंच्या बहिणी स्कॉटलंडहून मुंबईस आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळांचे काम पुढे चालविले. एका बहिणीच्या मृत्यूने भय न घेता दुसऱ्या बहिणींनी तोच समुद्र ओलांडावा, यावरून त्या घराण्याच्या निष्ठेची कल्पना येते.

कोकणचा आणि विल्सन यांचा संबंध बाणकोटपुरता राहिला नाही. अलिबाग, पेण, रोहा या भागांत बेने इस्रायल समाजाची कुटुंबे शतकानुशतके राहत आली होती. ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर यांसारखी त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. त्यांची मायबोली मराठी होती. परंतु आपल्या पूर्वजांची हिब्रू भाषा त्यांच्यात जवळजवळ लोपली होती. विल्सन यांनी त्यांच्याविषयी संशोधन केले आणि १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. त्यांच्या शाळेत या समाजाची मुले शिकू लागली. धर्मग्रंथ मुळातून वाचल्यावर हे लोक ख्रिस्ताकडे वळतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. घडले मात्र निराळेच. बेने इस्रायलांनी विद्या घेतली, हिब्रू आत्मसात केली आणि आपला मूळ यहुदी धर्म अधिक जाणतेपणाने पाळण्यास आरंभ केला. पुढे पेण व रोहा येथे त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली. तरीही विल्सन यांनी त्या मुलांना शिकविणे थांबविले नाही.

याच डोंगराळ मुलखात कातकरी लोकांची वस्ती आहे. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून त्यांना हे नाव पडले. सर्वांनी दूर लोटलेल्या या वनवासी लोकांची आणि वारल्यांची राहणी, चालीरीती व समजुती यांविषयी विल्सन यांनी माहिती जमवून लेख लिहिला. उत्तर कोकणातील या जमातींविषयीच्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते.

विल्सन यांच्या धर्मप्रचारामुळे संघर्षही उद्भवले. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाज प्रक्षुब्ध झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि अनेक पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतले. ज्या घरांतून मुलगा तुटला, त्या घरांचे दुःख लहान नव्हते. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या कुटुंबाला केवढी जखम करू शकते, हे त्या प्रसंगी मुंबईने पाहिले. ओस पडलेली शाळा पुन्हा भरण्यास विल्सन यांना पुष्कळ कष्ट पडले. धनजीभाई आपल्या निश्चयावर ठाम राहिले. ते विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले आणि तेथे १८४६ मध्ये धर्मोपदेशक झाले.

याच सुमारास, १८४३ मध्ये, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन नव्या फ्री चर्चमध्ये गेले आणि त्यामुळे त्यांच्या मिशनला आपल्या शाळेची इमारत सोडावी लागली. पुन्हा पहिल्यापासून आरंभ करण्याची वेळ आली; पण ते डगमगले नाहीत. १८४६ मध्ये त्यांनी इझाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि पुढील वर्षी दोघे मुंबईस आली. इझाबेलाबाईंनी मुलींच्या शाळांची धुरा उचलली. विल्सन यांचे घर म्हणजे जणू एक धर्मशाळाच होती. हबसाणातील दोन भाऊ त्यांच्याजवळ राहून शिकले. आफ्रिकेचे प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये मुंबईस आले, तेव्हा त्यांनी चुमा व विकटानी या दोन आफ्रिकी मुलांना विल्सन यांच्या शाळेत ठेविले. हाच चुमा पुढे लिव्हिंग्स्टनसाहेबांबरोबर आफ्रिकेत गेला आणि १८७३ मध्ये ते मरण पावल्यावर त्यांचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनारी नेणाऱ्या एकनिष्ठ सेवकांचा तो एक अग्रणी झाला.

मार्गारेटबाईंचा मुलगा अँड्र्यू १८३१ मध्ये जन्मला होता. त्याचे उच्च शिक्षण एडिंबरो व जर्मनी येथे झाले. त्याने वडिलांचा मार्ग धरला नाही. तो वृत्तपत्रकार झाला, मुंबईत व चीनमध्ये त्याने संपादन केले आणि हिमालयातील प्रवासाचे एक गाजलेले पुस्तक लिहिले. ज्या देशासाठी मातापित्यांनी जीवन वेचले, त्या देशाची ओढ मात्र त्याच्याही अंतःकरणात राहिली.

विल्सन यांची विद्वत्ता सर्वत्र मान्य झाली होती. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. मुंबई विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि १८६८ मध्ये ते त्याचे कुलगुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १८६७ मध्ये, इझाबेलाबाईही निवर्तल्या होत्या. १८७० मध्ये फ्री चर्चने त्यांना आपल्या महासभेचे अध्यक्षपद दिले. म्हातारपणी मायदेशी स्वस्थ राहण्याची संधी त्यांना होती. परंतु सन्मान स्वीकारून ते पुन्हा मुंबईस परतले. १ डिसेंबर १८७५ रोजी, एकाहत्तरावे वर्ष संपण्यास दहा दिवस असताना, मलबार टेकडीवरील आपल्या निवासस्थानी त्यांचा अंत झाला.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी ते एक धर्म शिकविण्यासाठी या किनाऱ्यावर उतरले होते. त्यांचा धर्म थोड्यांनीच स्वीकारला. पण त्यांनी दिलेली विद्या हिंदू, पारशी, मुसलमान, यहुदी अशा सर्वांच्या मुलांनी घेतली आणि ज्याने त्याने ती आपापल्या वाटेवर नेली. त्यासाठी विल्सन घराण्याने जे मोल दिले, ते त्यांनी कोणाकडे परत मागितले नाही.