रुग्णांना आसरा देणारे संत गाडगेबाबा

एडवणसारख्या किनाऱ्यावरील गावातून मोठ्या आजारावर उपचार घ्यावयाचे म्हणजे सफाळे स्थानक गाठून मुंबईची गाडी पकडावी लागते. तेथे डॉक्टर भेटतात, कालांतराने खाटही मिळते. परंतु खाट मिळेपर्यंत रुग्णाने राहावे कोठे? सोबत आलेल्यांनी रात्र कोठे काढावी? गावी स्वतःचे घर असलेली माणसे अशा दिवसांत शहरात बेघर होतात. पदपथावर जखम स्वच्छ राहत नाही, औषध उपाशीपोटी घ्यावे लागते आणि स्त्रियांना तर अंघोळीसाठी, शौचासाठी आडोसाही मिळत नाही. ही व्यथा सत्तर वर्षांपूर्वी ओळखणाऱ्या गाडगेबाबांचा स्मृतिदिन आपल्या आगमनकाळातच, २० डिसेंबरला येतो.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनापायी लवकर गेले आणि डेबूजी मामांच्या घरी, दापुरे येथे गुरे राखत व शेती करीत वाढले. शाळा त्यांना लाभली नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले ते कायमचेच. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. दिवसा गाव झाडावा व रात्री कीर्तनातून त्याच गावाला व्यसन, कर्ज, अस्पृश्यता आणि घाण ह्यांविषयी खडसवावे, असा त्यांचा क्रम होता. कुष्ठरोग्यांना त्यांनी स्वतःच्या हातांनी स्नान घातले, नवी वस्त्रे दिली. ज्याला आपण शिवणेही टाळतो, त्याच्यासाठी हे स्नान औषधाइतकेच मोलाचे होते.

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र ते उघड्यावर राहत. तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणारे दानशूर तसे पुष्कळ झाले. गाडगेबाबांचे वेगळेपण हे की, त्यांनी रुग्णालयाच्या दारातील गर्दीकडेही यात्रेकरूंप्रमाणेच पाहिले. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्यांचे अन्न, तहानेल्यांचे पाणी, उघड्यांचे वस्त्र, बेघरांचा आसरा आणि रोग्यांचे औषधोपचार येतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात शारीरिक दयाकृत्ये पाठ केलेल्या आपल्या वाचकांना ही यादी परकी वाटणार नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी आजारी अवस्थेत मोटारीने नेले जात असताना, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात बाबांचे निधन झाले. एकावन्न वर्षे घराविना राहिलेल्या ह्या माणसाला मरणही वाटेवरच आले.

पुढे दादर पूर्वेला त्यांच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे परगावचे कर्करुग्ण आजही नातेवाइकांसह तेथे उतरतात. आपल्या धर्मग्रामातील कोणा कुटुंबावर असा प्रसंग आल्यास निघण्यापूर्वीच तेथे जागेची चौकशी करावी, कारण जागा मर्यादित आणि गरजू फार आहेत.