फी माफ, पण राहायचं कुठे? ‘कमवा आणि शिका’ योजनेमागचे कर्मवीर भाऊराव पाटील नेमके कोण होते?

बारावीचा निकाल लागला की राजगुरुनगर परिसरातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला कॉलेजला घालायचं की चाकण एमआयडीसीत कामाला लावायचं? खेड तालुक्याच्या एका टोकाला चाकणचे कारखाने आहेत, तर दुसऱ्या टोकाला भोरगिरी, भीमाशंकरकडची डोंगरातली गावं. कारखान्यात पहिल्या महिन्यापासून पगार हातात येतो. पदवीसाठी मात्र तीन-चार वर्षं थांबावं लागतं आणि तेवढा काळ घरखर्च कुणासाठी थांबत नाही.

अशा विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची एक योजना आहे. तिचं नाव ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना’. संलग्न महाविद्यालयांतले विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बागेत रोज काही तास काम करतात आणि तासाप्रमाणे मानधन घेतात. योजनेचा फॉर्म अनेकांनी भरला असेल. पण त्यावर ज्यांचं नाव आहे, ते भाऊराव कोण होते?

स्वतः कॉलेजची पायरी चढले नाहीत

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज इथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये गेले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले.

त्या काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्याच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. छत्रपती शाहू महाराजांचा सहवास मात्र त्यांना लाभला. महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी उभी केलेली वसतिगृहं त्यांनी जवळून पाहिली.

भाऊरावांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झालं नाही. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवले. नांगर विकायला गावोगाव फिरताना शेतकऱ्याच्या घरातली परिस्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. सत्यशोधक चळवळीचं कामही सोबत सुरू होतं.

आधी वसतिगृह, मग शाळा

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचं मुख्य ठिकाण साताऱ्याला आलं आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळालं.

इथेच भाऊरावांच्या कामाचं वेगळेपण दिसतं. शाळा तालुक्याच्या गावी असायची. खेड्यातल्या मुलाला फी भरणं कठीण होतंच, पण त्याहून मोठा प्रश्न होता शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं काय. म्हणून त्यांनी सुरुवात राहण्या-जेवण्याच्या सोयीपासून केली. मराठा, महार, मांग, मुस्लिम, जैन अशी सगळी मुलं एकत्र राहायची आणि एकाच पंगतीत जेवायची. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातलं काम मुलंच करायची. गावकरी धान्य द्यायचे, घराघरांतून मुष्टिफंड गोळा व्हायचा.

तरीही अडचण यायचीच. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी स्वतःचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही विकलं. जैन घरातल्या सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या लक्ष्मीबाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाल्या. १९३० मध्ये त्यांचं निधन झालं. संस्थेची मोठी वाढ त्यांना पाहता आली नाही.

कॉलेजपर्यंतचा टप्पा

१९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू झालं. खेड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघालं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. तिथे मुलं काम करून शिकू लागली. १९४७ मध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, तेही कमवा आणि शिका या तत्त्वावर. विद्यार्थी शेतात राबायचे, बांधकामावर जायचे आणि वर्गातही बसायचे. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने दुसरं कॉलेज सुरू झालं.

हे सगळं सरळ घडलं नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कूल काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला होता. त्याच सुमारास मुंबई सरकारशी त्यांचे मतभेद झाले आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. तेव्हा लोकांनी पैसा आणि धान्य देऊन संस्था जगवली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं.

बोर्डिंगने मुलांना कुठपर्यंत नेलं, याचं एक उदाहरण म्हणजे पी. जी. पाटील. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेला हा विद्यार्थी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिलं. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी त्यांचं निधन झालं. आज रयतची ४० हून अधिक महाविद्यालयं आणि ४०० हून अधिक माध्यमिक शाळा आहेत. पिंपरीतलं महात्मा फुले महाविद्यालय त्यांपैकीच एक.

आज याचा संबंध काय?

आता शिक्षण शुल्कासाठी सरकारी मदत आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. याच मर्यादेत बसणाऱ्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करता येतो.

पण फी हा खर्चाचा एक भाग झाला. खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास आणि मुलगा कमावत नसल्यामुळे घरात कमी येणारा पैसा, हा हिशोब वेगळाच असतो. डोंगरातल्या गावातून राजगुरुनगरला किंवा पुढे पुण्याला शिकायला येणाऱ्या मुलांचं शिक्षण बऱ्याचदा इथेच अडतं. भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी नेमकं हेच ओळखलं होतं.

त्यांच्या योजनेत काम, राहणं, जेवण आणि शिक्षण एकत्र होतं. आजच्या योजनेत त्यातलं काम आणि मानधन आलं आहे. राहण्या-जेवण्याची सोय मात्र प्रत्येक कॉलेजात असेलच असं नाही. म्हणून प्रवेश घेतानाच कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कमवा आणि शिका योजनेत जागा किती आहेत, मानधन कधी मिळतं आणि वसतिगृहाची सोय आहे का? कॉलेज की कारखाना, हा निर्णय या उत्तरांनंतर घेतलेला बरा.