दुष्काळानं पोरकं केलं, श्रद्धेनं उभं केलं : केडगावच्या पंडिता रमाबाई

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावचं नाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साता समुद्रापार पोहोचलं, ते एका बाईमुळं. पंडिता रमाबाई त्यांचं नाव. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बाईला शिकवणं पाप समजायचे त्या काळात त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. रमाबाईंना ती विद्या आईकडून मिळाली. गावोगाव पुराण सांगत हे कुटुंब तीर्थयात्रा करायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते संपलं. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण. काही महिन्यांत तिघं गेली.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी, उपाशीपोटी देशभर फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीचं संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी जात न पाहता बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दीड-दोन वर्षांत पटकीनं पतीही नेला. पदरात तान्ही मनोरमा राहिली.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या आणि स्त्रियांसाठी आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथं सप्टेंबर १८८३ मध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इकडं मोठी खळबळ उडाली. पण धर्म बदलला म्हणून मन लगेच शांत झालं, असं मात्र घडलं नाही. तिथल्या धर्मगुरूंशीही त्या वाद घालत. जे पटत नाही ते मुकाट्यानं मानायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. पुढं सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपण धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला अजून मनापासून धरलं नव्हतं. आपण स्वतः पुण्य कमवून सुटणार नाही, त्यानं आपल्याला आहे तसं पदरात घेतलंय, असा विश्वास बसला आणि इतक्या वर्षांची तगमग थांबली.

त्या शांतीची परीक्षा लवकरच झाली. १८८९ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं होतं. १८९३ मध्ये तिथं मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेकांनी मुली काढून नेल्या. हा वाद पुढंही राहिला. रमाबाईंनी काम सोडलं नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात पोरीबाळी अन्नावाचून मरताहेत, हे कानावर येताच रमाबाई तिकडं धावल्या. उपाशी पोट काय असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मुलींना घेऊन त्या केडगावला आल्या. तिथं त्यांनी घेतलेल्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि माणसांची संख्या सुमारे २,००० वर गेली. विहिरी खोदल्या, शेती केली. मुली शाळा शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखानासुद्धा चालवू लागल्या.

उतारवयात कानांनी साथ सोडली, तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत बायबल आणलं. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती काम सोपवायचं, तीच आधी गेली. हा घावही त्यांनी प्रार्थनेच्या बळावर सोसला आणि भाषांतराचं काम चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी देह ठेवला.

श्रद्धेमुळं रमाबाईंची संकटं टळली नाहीत. पण दुष्काळानं जिचं अख्खं घर नेलं, तिनं दुष्काळातल्या हजारो मुलींना घर दिलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देतं.