विश्लेषण : फिट लांबली आणि एमआरआयमध्ये डाग दिसला, तो कारण की परिणाम? स्कॅनच्या आधीच हा पेच हाताळणारे ह्यूलिंग्स जॅक्सन

लांबलेल्या फिटनंतर काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूचा एखादा भाग पांढरा दिसला, की घरच्यांच्या मनात गाठ किंवा पक्षाघात येतो. पण तो डाग फिटचे कारण असेलच असे नाही. अनेकदा तो फिटचाच परिणाम असतो. कोणते काय, हे ओळखण्याची रीत जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन या इंग्लिश डॉक्टरांनी घालून दिली. तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता.

कोण होते जॅक्सन?

४ एप्रिल १८३५ रोजी यॉर्कशायरमधील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. यॉर्क आणि लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण झाले. मध्येच वैद्यकी सोडून तत्त्वज्ञानाकडे वळण्याचा विचार त्यांच्या मनात होता; जोनाथन हचिन्सन या ज्येष्ठ डॉक्टर मित्राने त्यांना अडवले. १८६२ मध्ये ते लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील, लकवा व अपस्माराच्या रुग्णांसाठीच्या रुग्णालयात रुजू झाले. माणूस अबोल, पण चुळबुळ्या. नाटकाला पूर्ण वेळ बसणे त्यांना जमत नसे. कादंबरी सरळ दोन तुकड्यांत फाडून एकेक तुकडा एकेका खिशात घालून ते फिरत, असे सांगतात.

अंगठ्यापासून सुरुवात

आपल्याकडे फिट, आकडी, फेफरे, मिरगी अशी किती तरी नावे आहेत आणि ती घेताना चित्र एकच असते: माणूस कोसळला, अंग ताठले, तोंडाला फेस आला. त्या काळच्या डॉक्टरांचे लक्षही याच मोठ्या झटक्याकडे असे. जॅक्सन मात्र झटका सुरू कुठून होतो ते पाहत बसत. काहींचा आधी अंगठाच फडफडे, मग हात, मग चेहरा, मग पाय. क्रम ठरलेला. यावरून त्यांनी अनुमान काढले की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या भागांच्या हालचालींची ठिकाणे शेजारी-शेजारी असली पाहिजेत आणि फिट म्हणजे त्यातल्या एका ठिकाणच्या पेशींतून एकाएकी उसळलेला अतिरिक्त उद्रेक. १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हित्झिग यांनी कुत्र्यांच्या मेंदूला विजेचा सौम्य धक्का देऊन अशी ठिकाणे दाखवून दिली. १८७३ पासून डेव्हिड फेरियर यांनी हेच काम माकडांपर्यंत नेले.

हा अभ्यास त्यांच्या घरापर्यंत आला. १८६५ मध्ये त्यांचे लग्न नात्यातल्याच एलिझाबेथ डेड यांच्याशी झाले होते. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन १८७६ मध्ये त्या वारल्या. त्या आजारपणात त्यांना एका बाजूचे झटके येत होते, ज्या प्रकाराला पुढे जॅक्सन यांचेच नाव मिळाले. मूलबाळ नव्हते. त्यानंतरची ३५ वर्षे त्यांनी एकट्याने काढली.

थकलेला मेंदू आणि आजचा एमआरआय

फिट ओसरल्यावर काही जणांचा हात किंवा पाय काही तास लुळा पडतो. रॉबर्ट टॉड यांनी हे आधीच नोंदवले होते. जॅक्सन यांनी त्यामागचे कारण मांडले: तिथल्या पेशी नष्ट झालेल्या नाहीत, उद्रेकाने थकल्या आहेत, म्हणून लुळेपणा उतरतो.

आजच्या एमआरआयचे कोडे याच धर्तीचे आहे. फिट लांबते तेव्हा पेशींची ऑक्सिजन आणि साखरेची गरज बेसुमार वाढते. पुरवठा अपुरा पडला की पेशी फुगतात, पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते आणि तो भाग चित्रात पांढरा उमटतो. असा बदल मेंदूच्या बाहेरच्या थरात, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये किंवा थॅलॅमसच्या मागच्या भागात दिसतो. पक्षाघाताचा डाग सहसा एका रक्तवाहिनीच्या हद्दीत असतो. फिटचा डाग ती हद्द पाळत नाही आणि तिथे रक्तप्रवाह बहुधा वाढलेला असतो. पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो विरतो. म्हणूनच डॉक्टर पुन्हा एमआरआय सुचवतात. तो खर्च फुकटचा नसतो: डाग गेला तर तो फिटचा परिणाम होता, राहिला किंवा वाढला तर गाठ, संसर्ग यांचा शोध घ्यावा लागतो. आपल्या देशात क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळ्या ही फिटची नेहमीची कारणे आहेत.

पळस्पे फाट्यावरचा प्रश्न

२५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी क्वीन स्क्वेअरमध्ये २२ वर्षांच्या एका तरुणावर शस्त्रक्रिया केली. जॅक्सन आणि फेरियर हजर होते. तरुण लहानपणी घोडागाडीखाली सापडला होता. डोक्याला मार बसला आणि पुढे एकामागून एक झटके येऊ लागले. झटका कुठून सुरू होतो यावरून जागा ठरवली गेली. तिथेच जुना व्रण सापडला. तो काढला आणि झटके थांबले.

रस्त्यावरचा मार आजही अपस्माराचे मोठे कारण आहे. फिट काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता आणि मुंबई-गोवा महामार्ग मिळतात, तिथल्या वाचकांना अपघात नवे नाहीत. कोकणातून रुग्ण घेऊन मुंबईकडे निघालेल्या गाड्याही इथूनच जातात, आणि फिट कोंडी सुटण्याची वाट पाहत नाही. संपूर्ण शरीराचा झटका पाच मिनिटांपलीकडे गेला की तो आपोआप थांबण्याची शक्यता घटते. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमच्या इजेचा धोका असतो. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, तोंडात चमचा घालण्यात वेळ घालवू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटे होताच १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. शक्य असेल तर दुसऱ्या कुणी मोबाइलवर चित्रण करावे. आधी काय हलले, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.

‘झेड’चा मेंदू

जॅक्सन यांच्या एका रुग्णाचा उल्लेख त्यांनी ‘झेड’ असा केला आहे. तो स्वतः डॉक्टर होता. त्याला कोसळवणारे नव्हे, स्वप्नात गेल्यासारखे झटके येत. एकदा अशाच अवस्थेत त्याने रुग्ण तपासला, न्यूमोनियाचे निदान लिहिले, ते बरोबरही निघाले. त्याला मात्र काहीच आठवेना. झेडच्या मृत्यूनंतर वॉल्टर कोलमन यांनी त्याचा मेंदू तपासला. हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या, अंकस नावाच्या भागात, डाव्या बाजूला एक छोटीशी मऊ पडलेली जागा मिळाली. जॅक्सन आणि कोलमन यांनी ते १८९८ मध्ये प्रसिद्ध केले.

लांबलेल्या फिटनंतर हिप्पोकॅम्पस पुढे आकसतो, हे आता एमआरआयच्या मालिकेत दिसते. मात्र आधीच आकसलेला हिप्पोकॅम्पसही फिट घडवतो. एखाद्या रुग्णात यातले आधी काय झाले, यावर मेंदूतज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. जॅक्सन ७ ऑक्टोबर १९११ रोजी लंडनमध्ये वारले. डोक्याचे सीटी स्कॅन रुग्णावर प्रथम झाले ते त्यानंतर ६० वर्षांनी, त्याच शहरात.